द्राक्षाच्या पानातून डीएनए काढण्याची रीत

द्राक्षवेलाची जात मार्करने (जात ओळखायच्या डीएनएतल्या खुणेने) तपासायची तर आधी स्वच्छ डीएनए हवा, आणि द्राक्षाचं पान तो सुखासुखी देत नाही. त्यात पॉलिफेनॉल भरपूर आणि चिकट पॉलिसॅकराइडही भरपूर. पेशी फुटली की फेनॉल ऑक्सिजनने तपकिरी होऊन डीएनएला चिकटतात. पॉलिसॅकराइड शेवटपर्यंत सोबत राहून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतात. त्यामुळे अर्धं यश पान कुठलं खुडलं यावरच ठरतं.

निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कोवळी फूट मिळते. शेंड्याकडचं दुसरं-तिसरं, पूर्ण न उलगडलेलं पोपटी पान घ्या. जून पानात चिकटपणा वाढलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडच्या पुष्कळ बागा डॉगरिज जातीच्या खुंटावर (कलमाखालच्या मुळाकडच्या वेलावर) आहेत. कलमाच्या जोडाखालून फुटलेलं पान घेतलं तर पुढचं सगळं काम निर्दोष होऊनही उत्तर खुंटाचंच येतं. म्हणून ओलांड्यावरच्या (वेलाच्या आडव्या फांदीवरच्या) काडीचंच पान घ्यायचं. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) निळ्या डागांचं पान टाळा. तांबं पीसीआरच्या एन्झाइमला बाधतं.

पान झिप पिशवीत घालून बर्फाच्या पेटीतून आणा. त्याच दिवशी प्रयोगशाळा गाठता येत नसेल तर पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये वाळवा. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून आणलेलं पान वाटेत वितळलं, तर पेशी आधीच फुटतात आणि पान काळपट होऊन पोचतं. असा नमुना सरळ टाकून द्या.

पेशी फोडायचा सीटीएबी बफर १०० मिली बनवण्यासाठी: सीटीएबी (एक डिटर्जंट) २ ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) ८.१८ ग्रॅम, पीव्हीपी-४० (फेनॉल धरून ठेवणारा पॉलिमर) २ ग्रॅम, १ मोलर ट्रिस (पीएच ८) १० मिली, ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८) ४ मिली, बाकी पाणी. मंद गरम करत विरघळवा. जोरात ढवळलं की फेसच फेस होतो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल मात्र वापराच्या दिवशीच, १ मिली बफरला १० मायक्रोलिटर, फ्यूम हूडखाली. ते विषारी आहे, आणि वासाने सगळा मजला जागा करतं. निफाडच्या थंडीत बाटलीत तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर बफर बिघडलेला नाही, सीटीएबी बाहेर पडलंय. ते कोमट करून पुन्हा विरघळवा.

मुख्य शीर काढून १०० मिलिग्रॅम पान चिमूटभर पीव्हीपीसोबत द्रव नायट्रोजनमध्ये खलात पिठासारखं वाटा. वितळू न देता २ मिलीच्या ट्यूबमध्ये टाका आणि लगेच ६५ अंशांना तापवलेला ८०० मायक्रोलिटर बफर घाला. ६५ अंशांवर ४० मिनिटं ठेवा, दर दहा मिनिटांनी उलटसुलट करा. व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) लावू नका, डीएनएचे तुकडे होतात.

खोलीच्या तापमानाला आल्यावर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) ८०० मायक्रोलिटर घाला, दहा मिनिटं हलके उलटवा आणि १२,००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा. इथे सेंट्रिफ्यूज ४ अंशांना लावायची सवय नडते: थंडीत सीटीएबी गोठतो. वरच्या थरातले ६०० मायक्रोलिटर घ्या आणि ६०० क्लोरोफॉर्मने पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळी फक्त ४०० काढा. मधला पांढरा पापुद्रा टिपमध्ये येणार असेल तर थोडं द्रावण सोडलेलं परवडलं. क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवायचा, बेसिनमध्ये ओतायचा नाही.

आता द्राक्षासाठीची खास पायरी. ४०० मायक्रोलिटर द्रावणात ५ मोलर मीठ २०० मायक्रोलिटर मिसळा, मग थंडगार शुद्ध इथेनॉल १,२०० मायक्रोलिटर. इतक्या मिठात पॉलिसॅकराइड द्रावणातच राहतात आणि डीएनए खाली बसतो. उणे २० अंशांवर अर्धा तास पुरे. रात्रभर ठेवलं की मीठही खाली बसतं. दहा मिनिटं फिरवा, ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. पेलेट (तळाशी बसलेला डीएनए) वाळवा, पण खडखडीत नको, नाहीतर विरघळत नाही. ५० मायक्रोलिटर टीईमध्ये (ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये) घेऊन आरएनए तोडणारं एन्झाइम आरएनएज ए (१० मिग्रॅ/मिली) १ मायक्रोलिटर घाला, ३७ अंशांवर अर्धा तास.

तपासणीत २६०/२८० गुणोत्तर (त्या दोन नॅनोमीटर लहरींच्या प्रकाशशोषणाचं) १.८ च्या आसपास हवं. पण त्यावर खूश होऊन थांबू नका. द्राक्षाच्या नमुन्याची खरी परीक्षा २६०/२३० वर होते. तो आकडा २ च्या जवळ असावा. १.५ च्या खाली गेला तर पॉलिसॅकराइड किंवा मीठ उरलंय: डीएनए इथेनॉलने पुन्हा खाली बसवून ७० टक्क्यांनी धुवा, तरी नाही जमलं तर मिठाची पायरी परत करा. ०.८ टक्के अ‍ॅगारोज जेलवर वरती एकच ठळक पट्टा यावा. खाली धूसर झोत दिसला तर आरएनए उरलंय किंवा डीएनए तुटलाय. जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेतच) चमक अडकली तर बहुधा पॉलिसॅकराइड. पेलेट तपकिरी असेल तर फेनॉल आधीच चिकटलेत, तिथे धुण्यात वेळ घालवू नका, नवं पान आणा.

पीसीआर लागत नसेल तर आधी डीएनए वाढवू नका, दहापट पातळ करून बघा. अडथळे पातळ होतात आणि एसएसआर मार्करला (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवरच्या खुणेला) २० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. व्हीव्हीएस-२, व्हीव्हीएमडी-५, व्हीव्हीएमडी-७, व्हीव्हीएमडी-२७, व्हीआरझॅग-६२ आणि व्हीआरझॅग-७९ हा मार्करांचा संच जगभर वापरला जातो. त्यावर जात कळते, पण थॉम्पसन सीडलेस आणि त्यातूनच निवडलेले तास-ए-गणेश व सोनाका यांच्यात सहसा फरक दिसत नाही. बागायतदाराला तसं आधीच सांगा. आणि प्रत्येक खेपेला डॉगरिजचा एक नमुना मुद्दाम सोबत चालवा, म्हणजे खुंटाचं पान चुकून आलं असेल तर लगेच उघडं पडेल.