दोघांसाठी लुक्का: एक अख्खा दिवस, घाई न करता

इटलीत सकाळी पिसाचा कलता मनोरा आणि दुपारी जवळचं लुक्का गाव असं एका दिवसात जमेल का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. जमतं. पिसाहून लुक्का ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे जमणार नाही असं कसं म्हणू. पण करू नका. आम्ही पहिल्यांदा तेच केलं, दुपारी एक वाजता लुक्कात पोचलो तर अर्धी चर्चं बंद, दुकानांची शटर खाली, आणि आम्ही दोघं उन्हात एकमेकांवर चिडत उभे, की हा प्लॅन नक्की कोणाचा होता. (माझाच होता.) दुसऱ्या वेळी अख्खा दिवस दिला आणि तेव्हा कुठे गाव कळलं.

फ्लॉरेन्सहून येणार असाल तर सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून लोकल टाइपची रीजनल गाडी मिळते, सव्वा-दीड तास धरा, आधी बुकिंग वगैरे काही लागत नाही. एकच गोष्ट डोक्यात ठेवा: कागदी तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशिनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि फोनवर काढलं असेल तर गाडीत बसण्यापूर्वी चेक-इन करायचं, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो आणि टीसीला तुमच्या हनिमूनचं काही पडलेलं नसतं. भाड्याची कार घेऊन येत असाल तर ती गावाभोवतीच्या तटाच्या बाहेरच लावा, आत बराचसा भाग फक्त परवाना असलेल्या गाड्यांसाठी आहे आणि कॅमेरे लावलेत, दंडाचं पत्र घरी पोचेपर्यंत कळतसुद्धा नाही.

स्टेशनातून बाहेर आलात की समोर रस्ता, मग हिरवळ, आणि त्यामागे विटांचा लांबच लांब तट. इथे बहुतेक लोक डावीकडे पोर्ता सान पिएत्रो या दरवाजाकडे वळतात. तुम्ही सरळ हिरवळीवरची पायवाट धरा, ती तटाच्या पोटातल्या एका बोगद्यात शिरते, आत गार आणि थोडं अंधारं, आणि पायऱ्या चढून वर आलात की थेट तटावर झाडांच्या सावलीत. गावात शिरायची यापेक्षा भारी पद्धत नाही.

या तटाबद्दल थोडं सांगते कारण लुक्का म्हणजे मुळात तटच. चार किलोमीटरपेक्षा थोडा जास्त घेर, सोळाव्या शतकात काम सुरू झालं आणि संपायला शंभरावर वर्षं गेली, आणि एवढा खटाटोप करून यावर कधी कोणी हल्लाच केला नाही! तट कामाला आला तो १८१२ मध्ये, सेर्किओ नदीला पूर आला तेव्हा, दरवाजे बंद करून गावाने पाणी बाहेर थोपवलं. तेव्हा लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिसाचं राज्य होतं, ती नेमकी बाहेर अडकली आणि तिला म्हणे क्रेनने तटावरून उचलून आत घेतलं, खरं-खोटं लुक्कावाले जाणोत. आता वर रुंद रस्ता आहे, झाडं, बाकडी, पळणारे लोक, बाबागाड्या, आणि गाड्यांना बंदी.

पण सकाळी तटावर रमू नका, आधी गावातून सरळ उत्तरेला निघा, वीया फिलुंगो हा मुख्य गल्लीवजा रस्ता धरून. कारण सान फ्रेदियानो चर्च. बहुतेक जुन्या चर्चचं तोंड पश्चिमेला असतं, याचं पूर्वेला आहे, म्हणजे दर्शनी भिंतीवरचं तेराव्या शतकातलं सोनेरी मोझेक सकाळच्या उन्हात असं काही चमकतं की संध्याकाळी तेच बघितलं तर फिकट वाटतं. याच्या उलट सान मिकेले चर्च, ते पश्चिमेला बघतं, ते संध्याकाळसाठी ठेवा. लुक्काचं टाइमटेबल माझ्या मते एवढंच आहे, बाकी मधे काहीही कोंबा. सान फ्रेदियानोच्या आत सान्ता झीताचा देह काचेच्या पेटीत ठेवलाय, ती तेराव्या शतकातली मोलकरीण, घरकाम करणाऱ्यांची संत. नवरा बाहेर थांबला, त्याला असलं बघवत नाही.

तिथून दोन मिनिटांवर पियात्सा देल्लान्फितेआत्रो. सगळ्यांच्या फोटोत असतो तो लंबगोल चौक. इथे रोमन काळात प्रेक्षागृह होतं, ते पडल्यावर लोकांनी त्याच्याच भिंतींवर टेकून घरं बांधली, म्हणून आकार जसाच्या तसा राहिला. मधली जागाही घरांनी भरून गेली होती, ती १८३० च्या दशकात मोकळी केली. मूळ रोमन जमीन आता तीनेक मीटर खाली आहे. चौकात एक चक्कर मारा आणि मग बाहेरच्या बाजूने त्याच भिंतीला वळसा घालून जाणारी गल्ली आहे तिथे जा, तिथे घरांच्या भिंतींत रोमन कमानी अडकलेल्या दिसतात, एका कमानीच्या वर कोणाची तरी खिडकी आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे. मला चौकापेक्षा ही गल्ली जास्त आवडली.

कॉफी चौकात बसून घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. बारमध्ये काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर एक किंमत, टेबलावर बसलात तर दुसरी, आणि मोक्याच्या चौकात तर तिसरीच. फसवणूक वगैरे काही नाही, दर लिहिलेले असतात, बसण्याआधी वाचा म्हणजे झालं. जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो म्हणून लावतात, म्हणजे टेबल आणि ब्रेडचे पैसे, त्यावरून वाद घालू नका. पाण्याची बाटली मात्र सोबत ठेवा, गावात प्यायच्या पाण्याचे नळ-कारंजी बरीच आहेत.

आता सायकल. पियात्सा सान्ता मारियाच्या आसपास भाड्याच्या सायकलींची दुकानं आहेत, तासावर मिळतात, ओळखपत्र लागतं. तटाची एक फेरी आरामात केली तरी अर्ध्या तासात होते, गाव सपाट आहे, दम लागत नाही. दोघं आहात म्हणून दुकानदार टँडम दाखवेल, एका सायकलवर दोघं, फोटोत फार गोड दिसतं. ऐका माझं, दोन वेगळ्या घ्या. टँडमवर मागे बसणाऱ्याला ब्रेक नाही, हँडल वळत नाही, समोर फक्त जोडीदाराची पाठ, आणि पहिल्या वळणावर "अरे हळू", "अगं तू पॅडल मारतेस की नुसती बसलीयेस" हे सुरू होतं, आमचं तर तिसऱ्या मिनिटाला झालं. वेगळ्या सायकली घेतल्या की कोणी मागे रमतं, कोणी पुढच्या बुरुजावर थांबून वाट बघतं, मजा येते. तटाच्या उत्तर बाजूला पालात्सो फान्नर नावाच्या वाड्याची बाग वरूनच दिसते, पांढरे पुतळे, कारंजं, कुंड्यांतली लिंबाची झाडं, तिथे सायकल टेकवून दहा मिनिटं उभं राहायला तिकीट लागत नाही.

जेवण साडेबारा ते दोनच्या आत उरका, अडीचनंतर बरीच किचन बंद होतात आणि मग संध्याकाळी साडेसातपर्यंत धड काही मिळत नाही. इथली खासियत तोर्देल्ली, म्हणजे आत सारण भरलेला पास्ता, पण सारणात मांस असतं आणि वरच्या सॉसमध्येही. शाकाहारी असाल तर फार्रो नावाच्या गव्हासारख्या धान्याचं सूप आहे, घट्ट, राजम्यासारखी बी घालून केलेलं, पण त्यातही कधी डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात तेव्हा "सेन्त्सा कार्ने?" म्हणजे बिनमांसाचं आहे का, हे विचारूनच मागवा. आणि बसून जेवायचा कंटाळा आला तर पिझ्झाच्या छोट्या दुकानांत चेचिना मिळते, चक्क हरभऱ्याच्या पिठाची, भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. जाडसर धिरडं समजा. आम्ही दुसऱ्यांदा परत जाऊन घेतली.

एक ते तीन काही बघू नका, गाव झोपलेलं असतं, तुम्हीही तटावर जाऊन झाडाखाली आडवे व्हा.

तीननंतर सान मार्तिनो, म्हणजे इथलं कॅथेड्रल. आत जायच्या आधी बाहेर पाच मिनिटं द्या. समोरच्या तीन कमानींपैकी उजवीकडची लहान आहे, कारण बाजूला घंटेचा मनोरा आधीपासून होता आणि जागा पुरली नाही, आणि वरच्या ओळींतल्या खांबांत एकासारखा दुसरा शोधून दाखवा. ओसरीत उजवीकडे भिंतीवर साधारण अर्धा मीटर रुंदीचा चक्रव्यूह कोरलाय, शेकडो वर्षं लोकांनी बोट फिरवून फिरवून तो गुळगुळीत झालाय. आत तिकीट काढून इलारियाला भेटायचं. इलारिया देल कार्रेत्तो, लुक्काचा सत्ताधीश पाओलो ग्विनीजीची बायको, १४०५ मध्ये दुसऱ्या बाळंतपणानंतर गेली, जेमतेम सव्वीस वर्षांची होती. याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकाराने संगमरवरात तिला झोपवलंय, उंच कॉलर, डोक्यावर फुलांची चुंबळ, आणि पायाशी एक छोटा कुत्रा मान वर करून तिच्याकडे बघतोय. तो कुत्रा बघून माझ्या पोटात काहीतरी झालं. इथे बडबड न करता उभं राहा थोडं.

मग एक तास वेगळे व्हा. हो, सिरियसली. दिवसभर चिकटून फिरल्यावर चारच्या सुमाराला दोघांनाही वेगवेगळं हवं असतं आणि कोणी बोलत नाही, मग चिडचिड. मी फिलुंगोवर दुकानं बघत फिरले, तो पुच्चिनीच्या घरी गेला, संगीतकार पुच्चिनी १८५८ मध्ये याच गावात जन्मला, घराचं म्युझियम केलंय आणि तो जिच्यावर काम करायचा ती स्टाइनवे पियानो तिथे आहे. बाहेरच्या छोट्या चौकात पुच्चिनीचा पुतळा बसलाय, हातात सिगारेट, भेटायची जागा म्हणून तो उत्तम, चुकायचा प्रश्नच नाही. तरी नवरा पंधरा मिनिटं उशिरा आला ते सोडा.

नंतर तोर्रे ग्विनीजी. त्याच ग्विनीजी घराण्याचा मनोरा, म्हणून इलारिया आधी बघायला सांगितली. चव्वेचाळीसेक मीटर उंच, दोनशेच्या वर पायऱ्या, लिफ्ट नाही, शेवटी शेवटी जिना अरुंद लोखंडी होतो आणि वर अचानक खरी झाडं! ओकच्या जातीची, मनोऱ्याच्या डोक्यावर वाढलेली. वरून लालसर कौलं, सकाळचा तो लंबगोल चौक आणि लांबवर डोंगर. बंद व्हायची वेळ मोसमाप्रमाणे बदलते, तेव्हा सकाळी जाता जाता दारावरचा बोर्ड वाचून ठेवा.

उतरलात की पायात जीव असेल तर सान मिकेलेसमोरच्या पायऱ्यांवर बसा. याची दर्शनी भिंत मागच्या चर्चपेक्षा कितीतरी उंच आहे, बाजूने बघितलं तर वरचा भाग नुसताच हवेत उभा, वर देवदूताचा पुतळा. पैसे पुढचं सजवण्यातच संपले असणार, असं नवऱ्याचं मत. उतरत्या उन्हात ती भिंत पिवळी, मग गुलाबी होत जाते, तोवर बसून राहा.

तारखांचं एक सांगायचं राहिलं: ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे कॉमिक्सचा प्रचंड मोठा मेळा भरतो, तेव्हा निवांतपणा विसरा. याउलट १३ सप्टेंबरला संध्याकाळी वीज मंद करून घरांच्या खिडक्या-कमानींवर हजारो दिवे लावतात आणि मिरवणूक निघते, त्या दिवशी जमलं तर जा, फक्त राहायची सोय खूप आधी करा.

रात्री जेवून पुन्हा तटावर, यावेळी चालत. अख्खी फेरी नको, स्टेशनकडच्या बाजूचा पाव तुकडा पुरे. परतीची शेवटची गाडी कधी आहे ते सकाळीच बघून ठेवलेलं असावं, आणि पिशवीत बुच्चेलातो असावा, बडीशेपेच्या वासाचा मनुका घातलेला इथला गोड ब्रेड, तो न खाता गेलात तर लुक्काला आलातच नाही असं इथले लोक म्हणतात. आम्ही अर्धा गाडीतच संपवला, उरलेला दुसऱ्या दिवशी कॉफीत बुडवून.