जुन्या पिकअपची बॉडी नव्या चेसिसवर चढवताय? या चुका टाळा

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘जुनी चेसिस सुधारत बसण्यापेक्षा खाली नवी सरकवणं स्वस्तात आणि झटपट होतं’ असं जो सांगतो, त्याने एकतर हे काम केलेलं नसतं किंवा त्याचा ट्रक अजून घोड्यांवर (चाकांऐवजी लोखंडी स्टँडवर) उभा असतो. शेव्हरोले ३१०० सारख्या जुन्या अमेरिकी पिकअपच्या मूळ चेसिसला डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग लावायची तयार किटं मिळतात. आरामात चालणारा ट्रक एवढंच हवं असेल तर ती लावा आणि इथेच थांबा. चेसिस सडलेली असेल, किंवा पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन, इंजेक्शनचं इंजिन आणि ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स हे सगळं एकाच डोनरमधून, म्हणजे जिची चेसिस वापरायची त्या गाडीतून, घ्यायचं असेल, तरच पुढे वाचा.

स्वस्त मिळाली म्हणून चेसिस उचलणे

पहिला आकडा व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा. १९४७ ते १९५५ च्या अर्ध्या टनी शेव्हरोलेचा व्हीलबेस ११६ इंच. तिच्याखाली लोक हमखास एस-१० ची (शेव्हरोलेच्याच नंतरच्या छोट्या पिकअपची) चेसिस घालतात, पण एस-१० एकाच मापाची नाही. साधी केबिन आणि छोटा हौदा (मागची माल ठेवायची जागा) असेल तर १०८.३ इंच, साधी केबिन आणि लांब हौदा असेल तर ११७.९, मोठ्या केबिनची १२२.९. छोट्या हौद्याच्या गाड्या सहज मिळतात, म्हणून नवशिका तीच ओढून आणतो आणि मग पावणेआठ इंच वाढवायला चेसिस मधोमध कापतो. लांब हौद्याची शोधायला थोडी कळ काढली असती तर फरक दोन इंचांच्याही आत आला असता. तेवढा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर सरकवून निभावतो, ग्राइंडर हातात घ्यावा लागत नाही.

फोर्डवाल्यांची गत वेगळी. १९४८ ते १९५२ ची एफ-१ पिकअप ११४ इंचांची, तिला फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया कारची ११४.७ इंची चेसिस जवळजवळ जुळते. १९५३ ते १९५६ ची एफ-१०० मात्र ११० इंचांची. ‘फोर्डखाली फोर्ड’ एवढाच विचार करून चालत नाही.

कापायचीच वेळ आली तर सरळ उभा काप देऊन टोकाला टोक जोडू नका. पायरीसारखा काप द्या, आतून किंवा बाहेरून पट्टी घ्या, आणि पट्टीची टोकं तिरकी ठेवा म्हणजे सगळा ताण एका उभ्या रेषेवर येणार नाही. वेल्डिंग स्वतःला नीट जमत नसेल तर हा सांधा जाणकाराकडून करून घ्या. दाराचा पत्रा चुकला तर लांबी (पुट्टी) भरता येते, इथे तशी सोय नाही.

मडगार्ड लावायच्या आधी केबिनचे माउंट पक्के करणे

ही चूक पाहून मी खरोखर थकलोय. केबिन हा सगळ्यात मोठा तुकडा, म्हणून लोक ती आधी ठेवतात, चेसिसच्या मध्यावर आणतात आणि उत्साहाच्या भरात माउंट (केबिन चेसिसला धरणारे आधार) वेल्ड करून टाकतात. पुढचा पत्रा ‘नंतर बसवू’ म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो.

अशीच १९५१ ची एक ३१०० माझ्याकडे आली होती. खाली एस-१०, केबिनचे माउंट पूर्ण वेल्ड केलेले, वर रंगसुद्धा. मालकाची तक्रार एवढीच की बॉनेट बसत नाही. मडगार्ड टांगून बघितले तर पुढचं चाक कमानीच्या मध्यापासून दीड इंच मागे. ते लपवायला त्याने मडगार्डची भोकं कानशीने लांबट केली होती, तरी भागलं नाही म्हणून रेडिएटरचा सपोर्ट मागे ओढला होता, आणि त्या ओढाताणीत बॉनेटची मागची कड काउलवर (काचेपुढच्या पत्र्यावर) चढली होती. पाणसळ लावली तर केबिन डावीकडे झुकलेली. कारण विचारलं. चेसिस ज्या घोड्यांवर होती त्यातली एक बुटकी होती, आणि ‘चाकं लावली की सरळ होईल’ असं त्याला वाटलं होतं. चाकं लावल्यावर चेसिस सरळ झाली. केबिन वाकड्या चेसिसला सरळ धरून वेल्ड केली होती, ती वाकडी झाली. सगळे माउंट कापून, चेसिस साफ करून, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. रंग गेला तो गेलाच.

क्रम उलटा आहे. या ट्रकमध्ये सगळ्यांना दिसणारी जागा म्हणजे पुढच्या कमानीतलं चाक. ते मध्यावर आलं पाहिजे, आणि बाकी सगळं त्यावरून ठरतं. मी केबिन, मडगार्ड, रेडिएटर सपोर्ट आणि बॉनेट एकत्र बोल्ट करतो, तो अख्खा सांगाडा चेसिसवर ठोकळ्यांवर ठेवतो आणि ओळंबा सोडून अ‍ॅक्सलचा मध्य कमानीशी जुळवतो. मग दारं, मग मागे हौदा. सगळ्या फटी मनासारख्या झाल्या की माउंटला फक्त टाके मारतो. त्यानंतर एक रात्र तसंच सोडतो, कारण सकाळी ताज्या नजरेला दिसतं ते रात्री दिसत नाही. पूर्ण वेल्डिंग त्याच्यानंतर.

यात आणखी एक मेख आहे. डोनरची बॉडी काढली की वजन कमी होऊन चेसिस स्प्रिंगांवर वर येते, आणि पुढे-मागे सारखी येत नाही. त्या उंचीवर तुम्ही केबिनचं ‘स्टान्स’ (उभं राहायची ढब) ठरवलं तर सगळं बसल्यावर नाक खाली जाणार. म्हणून डोनर उघडण्याआधीच, तो स्वतःच्या चाकांवर उभा असताना, चेसिसची जमिनीपासूनची उंची चार ठिकाणी मोजून खडूने चेसिसवरच लिहून ठेवा. बॉडी काढल्यावर घोड्या त्याच उंचीला लावा. आणि मापं घेण्याआधी डोनर चालवून बघा. गिअरबॉक्स घसरतोय की स्टिअरिंगला खेळ आहे हे गाडी धावत असताना दहा मिनिटांत कळतं, सुटी झाल्यावर कळत नाही.

दारांच्या चौकटी न बांधता फ्लोअर कापणे

जुन्या केबिनचा फ्लोअर नव्या गिअरबॉक्सच्या बोगद्यावर बसत नाही, त्यामुळे तो कापावा लागतोच. पण त्या केबिनला आकारात धरून ठेवणारा भाग तोच आहे. खालचे कोपरे आणि सिल (दाराखालचे उंबरठे) सडलेले असतील तर फ्लोअर गेल्यावर उरतो तो खाली तोंड केलेला खोका. उचलला की फाकतो, ठेवला की दबतो, आणि त्याच अवस्थेत नवा फ्लोअर वेल्ड केला की दाराची वरची फट बोटभर आणि खालची शून्य होऊन बसते. मग बिजागऱ्यांशी कुस्ती सुरू होते. दोष बिजागरीत नसतोच.

आधी दारं लावा, ती नीट बंद होतात हे बघा, फटींचे फोटो काढा. मग प्रत्येक चौकटीत चौकोनी पाइपची एक आडवी आणि एक तिरपी दांडी वेल्ड करा, आणि डाव्या चौकटीपासून उजवीपर्यंत एक लांब दांडी टाका. दांड्या अशा बसवा की दारं त्यांच्यासकट बंद करून बघता येतील. एका बाजूचा फ्लोअर पूर्ण करा, मग दुसरी बाजू कापा. यात एखादी सुट्टी जाते आणि लोकांना तेवढीच जड वाटते. नंतर दार बसवायला महिने घालवायची मात्र त्यांची तयारी असते!

बाकीच्या, थोडक्यात

केबिन चेसिसला थेट वेल्ड करू नका. रबरी पॅड हवेतच, कारण चेसिस पिळते आणि पत्रा तडकतो.

रबरावर बसलेल्या केबिनला अर्थिंग आपोआप मिळत नाही. काटे थरथरतात, दिवे मंद होतात, आणि बिचारा नवशिका मीटर बदलत बसतो. इंजिनपासून चेसिसला आणि चेसिसपासून केबिनला जाड वेणीच्या पट्ट्या द्या, खालचा रंग खरवडून.

वेग वाढला की ट्रक गुणगुणतो? प्रोपेलर शाफ्ट पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगला पाठवण्याआधी कोन मोजा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचं तोंड समांतर हवं, आणि ते माप ट्रक चाकांवर पूर्ण वजनाने उभा असताना घ्यायचं.

स्टिअरिंग शाफ्टला तिसरा जॉइंट लागला तर मधे आधाराचं बेअरिंग लागतंच. त्याशिवाय शाफ्ट मधेच डोलतो. यात जुगाड दिसला तर मी त्या ट्रकमध्ये बसत नाही.

जुन्या शेव्हरोलेचं ब्रेक पेडल फ्लोअरमधून वर येतं आणि मास्टर सिलिंडर खाली चेसिसवर असतो. नवा ब्रेक बूस्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) लावायचा तर मागे जाड प्लेट द्या. नुसता पत्रा पेडल दाबलं की वाकतो, आणि ब्रेक स्पंजी लागतो म्हणून लोक हवा काढत राहतात.

चाकं शेवटी घ्या. टू-व्हील-ड्राइव्ह एस-१० ची रुंदी या मडगार्डना कमी पडते, चाकं आत बुडालेली दिसतात. २००३ नंतरच्या क्राउन व्हिक्टोरियाचं उलट, जुन्या वळणाच्या रिम लावल्या तर टायर बाहेर डोकावतो. आधी मोजा, मग ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसेल ते माप) ठरवा.

सीटमागची जुनी पेट्रोलची टाकी काढून टाका. इंजेक्शनच्या इंजिनला लागणारा दाब तिच्याने होत नाही, आणि पाठीशी पेट्रोल घेऊन बसायची तशीही गरज नाही. डोनरची टाकी पंपासकट वापरा.

डोनरचं वायरिंग ‘नको ते काढू’ म्हणून कापू नका. आधी नव्या बॉडीत इंजिन सुरू होऊ द्या, मग एकेक वायर ओळखून काढा.

कागद

जुन्या ट्रकच्या ओळख क्रमांकाची पट्टी केबिनवर असते, डोनरचा ओळख क्रमांक त्याच्या स्वतःच्या बॉडीवर आणि चेसिसवर. एकाची पट्टी उचकून दुसऱ्यावर लावणं हा अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) कायद्याने गुन्हा ठरू शकतो, मग दोन्ही गाड्या तुमच्याच असल्या तरी. असा जोडलेला ट्रक कोणत्या नावाने आणि कोणत्या सालाचा म्हणून नोंदवायचा, हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमाने ठरवतं. काही ठिकाणी तपासणीला अधिकारी येतो आणि दोन्ही गाड्यांची टायटलं (मालकीची कागदपत्रं) मागतो. तेव्हा चेसिसचे पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन कार्यालयात विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि टायटल नसलेली डोनर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. कापलेल्या डोनरची विक्रीपावती आणि नंबरांचे फोटो फाइलमध्ये ठेवा. डोनरचा सांगाडा भंगारात दिलात तर त्याचीही पावती त्यातच लावा.