अलूऑडियाची काडी मुंबईत जगवायची तर

मृगाचा पाऊस पडायच्या आत काडीला मुळं सुटलेली हवीत. अलूऑडिया प्रोसेराच्या बाबतीत बाकी कशातही मी थोडंफार इकडेतिकडे चालवून घेते, यात मात्र नाही.

हे झाड मूळचं दक्षिण मादागास्करच्या काटेरी रानातलं. सरळसोट राखाडी खोड, त्यावर काटे, काट्यांच्या बुडाशी बारीक पानांच्या जोड्या. लोक त्याला निवडुंग म्हणतात, पण आपल्याकडे जेड म्हणून विकलं जाणारं पोर्टुलाकारिया हे त्याचं खरं भावंड. तिकडे ते १०-१५ मीटर उंच होतं, तेही वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पावसावर. मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. नर आणि मादी झाडं वेगळी असल्यामुळे गॅलरीतल्या एकट्या झाडाला बी धरत नाही, म्हणून छाटकलमच करायचं.

मार्चच्या मध्याच्या सुमारास, अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर काडी कापा. सुरी स्पिरिटने पुसलेली हवी, हातात जाड मोजे.

आता खरं काम. ‘पावसात काठी खोचली तरी फुटते’ हे जास्वंदीला लागू आहे, याला नाही. काप पूर्ण सुकेपर्यंत काडी मातीला लावायची नाही. पुस्तकात आठवडा लिहिलेला असतो, पण तो कोरड्या हवेतला आठवडा. आपल्याकडे एप्रिलातही हवा दमट असते. मी किमान पंधरा दिवस ठेवते, जाड काडी असेल तर तीन आठवडे. सावलीत, पंख्याचा वारा लागेल अशी, आणि उभी. आडवी ठेवलीत तर शेंडा वर वळतो आणि ते वाकडेपण कायम राहतं. काप कडक, फिका आणि थोडा आत ओढलेला दिसला की समजा तयार. मधोमध तपकिरी ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून टाका, आत स्वच्छ गर लागेपर्यंत. दर कापाला सुरी पुन्हा पुसा आणि दिवस पहिल्यापासून मोजा. हळद लावा, पिशवी बांधा, कोकोपीटमध्ये खोचा, हे सल्ले कृपा करून ऐकू नका. पिशवीत आणि कोकोपीटमध्ये ओल कोंडते, आणि हळदीने ओला काप लवकर सुकत नाही.

लावताना लहान मातीची कुंडी, विटांचे तुकडे आणि बारीक खडी मिळून दोन भाग, माती एक भाग. काडी दोन बोटं खोल, आधाराला काठी. पहिले दहा दिवस पाणी अजिबात नाही. नंतर आठवड्यातून एकदा, थोडंसं.

मी फसले ती याच्या पुढे. माझ्या दोन काड्यांना मे महिन्यात पानं फुटली, मी खूश होऊन पाणी वाढवलं, आणि जुलैत दोन्ही बुडापासून मऊ पडल्या. उपटून पाहिलं तर एकही मूळ नव्हतं. खोडात साठलेल्या पाण्यावर पानं फुटतात. पानं आली म्हणजे मुळं आली असं नाही. सुरकुतलेलं खोड पुन्हा टणक भरलं, बोटाने हलकेच ढकलल्यावर काडी हलेनाशी झाली, की मुळं धरली. त्याला एक ते दोन महिने लागतात. उपटून बघू नका, कोवळी मुळं तुटतात.

पावसाळ्यात कुंडी छपराखाली पण वाऱ्यात. बॉक्स ग्रिलच्या तळाशी नको, तिथे वरच्या मजल्याचं पाणी गळतं. पाऊस संपला की ऊन वाढवा, जितकं मिळेल तितकं.

विकत घेताना रोपवाटिकेतच वाढवलेलं रोप घ्या. हे झाड ज्या कुळातलं, ते कुळ साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, रानातून उपटून आणलेलं झाड घेऊ नये.

थंडीत पानं गळतील. तेव्हा पाणी घालून त्याला उठवायला जाऊ नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं की कुंडी तशीच राहू द्या, फेब्रुवारी-मार्चपर्यंत.