कापूस वेचणीवर एक मिनिटाची फिल्म, मोबाइलवर

फिल्म शिकायला कथा शोधत बसू नका. गावात चाललेलं एक काम निवडा आणि तेवढंच नीट टिपा. दिवाळीनंतर विदर्भात वेचणी जोरात असते. हाताची हालचाल पुन्हा पुन्हा तीच होते, म्हणून हुकलेला शॉट लगेच परत मिळतो. मात्र मजुरी किलोवर असते. वेचणाऱ्या मावशींना थांबवून ‘परत करा’ म्हणाल तर त्यांची रोजी बुडेल. आधी विचारा, मग त्यांच्या वेगानं तुम्ही चाला.

सेटिंग: १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), शटर १/५०, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातल्या ट्यूबखाली ३० फ्रेमवर चित्रात पट्टे सरकू शकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हे पर्याय नसतील तर ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट ॲप बघा. भर उन्हात १/५० ला चित्र पांढरंफटक पडतं. तिथं शटर १/५० पेक्षा वेगवान होऊ द्या. हालचाल थोडी तुटक दिसेल, पण चालेल.

वावरात खरी अडचण उजेडाची. ऑटोवर कॅमेरा पांढरी बोंडं पाहून चित्र काळवंडतो आणि चेहरा हरवतो. कॅमेरा जरा वळवला की उजेड पुन्हा उसळतो. म्हणून चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (चित्रातला उजेड) लॉक करा, मग बोंडांचे तंतू दिसेपर्यंत उजेड थोडा खाली आणा. पूर्ण पांढरा झालेला कापूस एडिटिंगमध्ये परत येत नाही. थोडा काळसर चेहरा उजळता येतो. दव वाळून वेचणी सुरू होते तेव्हा ऊन अजून तिरपं असतं, तीच वेळ धरा. दुपारी चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरं थर्माकोल धरा.

पैसे खर्च करायचेच असतील तर गिम्बलवर (मोबाइल स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) नको, आवाजावर करा. हलणारं चित्र लोक सहन करतात, न कळणारं बोलणं नाही. साधा वायरचा कॉलर माइक हजाराच्या आत मिळतो. घेण्यापूर्वी मोबाइलला गोल जॅक आहे का, ते पाहा. नसेल तर माइक चालवणारा टाइप-सी कन्व्हर्टर लागेल. माइक दुसऱ्या मोबाइलला जोडा, तो एअरप्लेन मोडवर टाकून मावशींच्या कमरेच्या पिशवीत ठेवा. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, पण मंगळसूत्रापासून दूर. मणी घासले की सगळं रेकॉर्डिंग वाया जातं. वाऱ्यासाठी स्पंजच्या टोपीवर लोकरीच्या कापडाचा तुकडा बांधा. दोन्ही मोबाइल सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, पुढे आवाज जुळवायला तीच खूण. रेकॉर्डिंग पाच मिनिटांवर नेऊ नका, दोन यंत्रांचा वेग हळूहळू सुटतो. बोंडातून कापूस निघतानाची आणि वाळल्या पऱ्हाटीची खसखस वीतभरावरून वेगळी घ्या. शेजारची मोटर बंद असताना वावराचा नुसता आवाजही अर्धा मिनिट घ्या. दोन शॉटांचे सांधे त्यानं झाकतात.

आता पाच शॉट: हात, चेहरा, पूर्ण वावर, खांद्यावरून दिसणारं काम, आणि एक वेगळा, उदाहरणार्थ ओटीतला कापूस ढिगावर पडताना. प्रत्येक शॉट दहा सेकंद स्थिर ठेवा. झूम नको, जवळ जा. ट्रायपॉड नसेल तर अर्धं भरलेलं तुरीचं पोतं धुऱ्यावर ठेवून मोबाइल त्यात रोवा. मावशी डावीकडून उजवीकडे सरकत असतील तर सगळे शॉट तासाच्या (झाडांच्या ओळीच्या) एकाच बाजूनं घ्या. ओलांडलात तर त्या उलट चालल्यासारख्या दिसतात.

फाइल केबलनं काढा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते. मोबाइलचा फ्रेमदर बदलता असतो, त्यानं संगणकावर ओठ आणि आवाज सुटतात. आधी ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्थिर २५ फ्रेम करून घ्या. मग शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये आधी बोलणं लावा, चित्रं त्यावर बसवा.