छाटणीची कात्री घेताना आधी नट बघा

आमच्या सोसायटीतल्या बागेचं मी निवृत्तीनंतर बघायला लागलो. त्यामुळे कुणी बाल्कनीत नवी झाडं लावली की संध्याकाळी मला खाली गाठून विचारतं, "काका, कात्री कुठली घेऊ?" हातात मोबाइल असतो आणि त्यावर लाल-नारिंगी-हिरव्या मुठींच्या कात्र्यांची न संपणारी रांग. मी उलट एकच विचारतो, ही खोलता येते का? म्हणजे दोन पाती जिथे जोडली आहेत तिथला नट पान्याने सोडवून सगळे भाग वेगळे करून टेबलावर मांडता येतात का? येत असतील तर पुढचं बोलू. तिथे रिव्हेट, म्हणजे न सुटणारी खिळ, ठोकलेली दिसली तर ती कात्री कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

माझी नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं बनवणाऱ्या विभागात, झाली. तिथली सवय म्हणा, हत्यार हातात आलं की माझं लक्ष धारेच्या आधी सांध्याकडे जातं. धार काय, पुन्हा लावता येते. नवीन असताना तर कुठलीही कात्री कापते. खरी परीक्षा दोन पावसाळ्यांनंतर. छाटणीच्या कात्रीत एक धारदार पातं दुसऱ्या बोथट, आकडीसारख्या पात्याला घासून सरकतं, आणि त्या घासण्यातच निम्मं कापणं असतं. सांधा जरा ढिला झाला की दोघांत फट पडते. मग फांदी कापली न जाता फटीत दुमडते, साल सोलून लोंबते आणि लोक म्हणतात धार गेली. धार असते जागेवर. नट अर्धा फेरा आवळला की तीच कात्री पुन्हा नीट चालते. रिव्हेटवाल्या कात्रीत हे करायला जागाच नाही. हातोडीने ठोकून थोडे दिवस ढकलता येतात, इतकंच.

दुकानात दोन जाती मिळतात. वर सांगितली ती बायपास. दुसरी अ‍ॅन्व्हिल, तिच्यात खाली सपाट पट्टी असते आणि वरचं सरळ पातं त्या पट्टीवर येऊन टेकतं. अ‍ॅन्व्हिलला जोर कमी लागतो, पण ओली फांदी पट्टीवर चेपली जाते. वाळकी काटकी काढायला ती चांगली. जिवंत झाडासाठी बायपासच घ्या. एकच कात्री घ्यायची असेल तर विचारसुद्धा करू नका, बायपास.

आता पोलाद. चांगल्या कात्रीचं पातं हाय कार्बन पोलादाचं असतं. पाकिटावर बऱ्याचदा 'एसके-५' लिहिलेलं सापडतं, ती त्यातलीच एक प्रत. याला पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असेल तर धार टिकते, पण गंज लवकर धरतो. स्वस्तातलं स्टेनलेस गंजत नाही, पण बहुतेक वेळा मऊ असतं आणि धार पटकन बोथट होते. ठाण्याच्या पावसात जून ते सप्टेंबर बाल्कनीतला खिळासुद्धा तांबूस होतो, तेव्हा स्टेनलेसचा मोह होणं साहजिक आहे. तरी मी हाय कार्बनच सांगेन. गंज पुसून निघतो. मऊ पोलादाला मात्र दर आठवड्याला कानस लावत बसावं लागतं. ज्यांच्याकडून कात्री बादलीत, पाण्यात, कुठेही पडून राहणार हे त्यांनाच माहीत आहे, त्यांनी खुशाल स्टेनलेस घ्यावी. पात्यावरच्या काळ्या नॉनस्टिक थराला फार भाव देऊ नका. चीक थोडा कमी चिकटतो हे खरं, पण पहिल्यांदा कानस मारली की धारेवरचा थर गेला.

मूठ बघताना रंग आणि रबर सोडून द्या, आत काय आहे ते बघा. दाबून वाकवलेल्या पातळ पत्र्यावर प्लॅस्टिक चढवलेलं असेल तर जाड फांदीवर मूठच लवते आणि पाती एकमेकांपासून सुटतात. घडीव अ‍ॅल्युमिनियमची मूठ हलकी असते आणि लवत नाही.

मापाच्या बाबतीत बायकांची फार गैरसोय होते. बाजारात सर्रास आठ इंची कात्री मिळते आणि ती मोठ्या पंजाला धरून बनवलेली असते. आमच्या घरी ही लहान हाताची, तिला माझी कात्री पूर्ण उघडली की खालची मूठ बोटांच्या टोकाशी जाते. मग जोर येणार कुठून? दुकानात कात्री पूर्ण उघडून हातात धरा. चारही बोटांची मधली पेरं खालच्या मुठीवर आरामात वळली पाहिजेत. वळत नसतील तर लहान माप मागा, किंवा जिची उघडझाप खटक्याने अर्ध्यावर थांबवता येते अशी बघा. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते. ती महाग असते आणि शोधावी लागते, पण रोज काम असेल तर शोधाच. नेहमीच्या कात्रीत त्यांच्या अंगठ्याला खटका उलट्या बाजूला येतो आणि पातं नेमकं कुठे बसतंय तेही धड दिसत नाही. सांधेदुखीने पकड कमी झालेल्यांसाठी रॅचेटची कात्री आहे. ती एकच काप तीन-चार दाबांत घेते. बहुतेक रॅचेट कात्र्या अ‍ॅन्व्हिल जातीच्या असतात, एवढं ध्यानात ठेवून घ्या.

स्प्रिंगकडे कुणी बघत नाही. साधी गुंडाळीची स्प्रिंग दोन टोकांवर नुसती अडकवलेली असते. ती एक दिवस टणकन उडते आणि गवतात सापडत नाही. चपट्या पट्टीची, शंकूसारखी वळलेली स्प्रिंग सहसा सुटत नाही आणि तिच्यात मातीही कमी अडकते. साधी असेल तर दुकानदाराकडून जादाची स्प्रिंग त्याच वेळी मागून घ्या.

आता दुकानातली तपासणी. शक्यतो कात्री हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. ठाण्यात घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये आणि स्टेशनकडच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानांत कात्र्या असतात, पण निवड थोडी. खरंच चार-सहा प्रकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर लोकल पकडून मस्जिद बंदरला उतरा आणि नागदेवी स्ट्रीट गाठा. जाताना खिशात वर्तमानपत्राचा तुकडा आणि जास्वंदीची पेन्सिलीएवढी हिरवी काडी ठेवा. दुकानदार हसला तर हसू दे.

कात्री मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. दोन पात्यांमधून बुडापासून टोकापर्यंत उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग अर्धी उघडून दोन्ही पाती आडवी हलवून बघा. खडखडली तर नट आवळायला सांगा, आवळूनही हलत असेल तर ती ठेवून द्या. वर्तमानपत्र पात्याच्या टोकाने कापा. बुडाशी सगळ्याच कापतात, टोकाशी कागद चुरगळला की समजायचं घासणी सरळ नाही. शेवटी जास्वंद. तिची साल तंतुमय, वाखासारखी असते आणि वाईट कात्री तिथे हमखास उघडी पडते. काप स्वच्छ आला आणि एकही धागा लोंबला नाही तर कात्री पास. खटका अंगठ्याने एका हातात लागतो-सुटतो का तेही बघा. दुसऱ्या हाताने फांदी धरलेली असते, खटक्यासाठी तिसरा हात आणणार कुठून?

पैशांचं सांगतो. दहा-पंधरा कुंड्या असतील तर लुधियानाच्या फाल्कनची मधल्या किमतीतली बायपास पुरते. त्यांच्यात प्रकार बरेच आहेत, त्यातली नटवाली निवडा. गावाकडे कलमं असतील आणि छाटणीला दिवस दिवस जाणार असतील तर स्वित्झर्लंडच्या फेल्कोचा विचार करा. ही कंपनी १९४५ सालची, आणि तिचं लाल मुठीचं दोन नंबरचं मॉडेल इतक्या वर्षांनंतरही बनतंय. वजन साधारण २४० ग्रॅम, काप २५ मिलिमीटरपर्यंत. सहा नंबर लहान हातासाठी, नऊ नंबर डावखुऱ्यांसाठी. किंमत काही हजारांत जाते आणि ऐकून लोक दचकतात. पण पातं, स्प्रिंग, नट, सगळं सुटं मिळतं, त्यामुळे मूठ तीच ठेवून आतला एकेक भाग बदलत जाता येतं. माझा सगळा आग्रह याच गोष्टीसाठी आहे. बॅटरीवरच्या कात्र्यांबद्दलही विचारतात. नाशिककडे द्राक्षाची खरड छाटणी आणि गोडी छाटणी करणाऱ्यांना त्या परवडतात, आपल्याला कशाला?

पाकिटावर २५ मिलिमीटर लिहिलं म्हणून तेवढं कापायलाच हवं असं नाही. तो आकडा ओल्या, मऊ फांदीचा. पेरू आणि चिकूचं लाकूड चिवट, त्याला अंगठ्याएवढी जाडी ही मी हद्द धरतो. त्यापुढे घडीची करवत. फांदी कापत नाही म्हणून मनगट पिळून कात्री हलवायची नाही, सांधा त्यानेच जातो. म्हणून कात्रीसोबत करवत त्याच दिवशी घ्या, म्हणजे कात्री वाचेल. आणि सोसायटीतल्या मोठ्या झाडांच्या फांद्यांना हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. कमिटीतल्या उत्साही मंडळींनी हे दोनदा वाचावं.

मुरबाडकडे आमची थोडी जागा आहे, तिथे आंबा, लिंबू, पेरू. फळझाडावर कात्री कशी धरता यावर जखम ठरते. धारदार पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचं आणि आकडी टाकायच्या फांदीकडे. उलटं धरलं की खुंट उरतो आणि आकडीचा चेपलेला वळ झाडावर राहतो. फांदी जिथे खोडातून निघते तिथे सालीची फुगीर कड असते. ती कड शाबूत ठेवून तिच्या लगेच बाहेर कापायचं, म्हणजे झाड जखम स्वतः भरून काढतं. यासाठी अरुंद टोकाची कात्री लागते, जाडजूड टोक दोन फांद्यांच्या बेचक्यात शिरतच नाही. लिंबाच्या कलमाखालचे पाणसोट, म्हणजे नको असलेले जोमदार फुटवे, काढताना हा फरक लगेच कळतो. पेरू नव्या फुटीवर फुलतो, तो छाटणी आनंदाने घेतो. आंब्याचा मोहोर पक्व काड्यांच्या शेंड्यावर येतो, त्यामुळे पावसाळा संपल्यावर शेंडे उडवलेत तर त्या वर्षीचा मोहोर उडवलात. आंबा उतरवून झाला की लगेच काय ते करून टाका.

लिंबावर खैऱ्या असेल तर एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा. तो जिवाणूंचा रोग आहे, कात्रीवरून जातो. ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा सल्ला कुणी देतं, पण ब्लीच पोलाद खातं. करवतीने मोठी फांदी काढली असेल तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि भांडं प्लॅस्टिकचं. कात्रीच्या बारीक कापांना त्याची गरज पडत नाही.

काम झालं की चीक तिथल्या तिथे पुसायचा. चाफा आणि आंब्याचा चीक वाळला की पाती जड चालतात. फणसाच्या चिकाला घरात खोबरेल लावतो ना, इथेही तेच चालतं. नाहीतर रॉकेलचा बोळा. मग कोरडं पुसून सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. पावसाळ्यात दर आठवड्याला एक थेंब जास्तीचा.

धारेबद्दल एक कळकळीची विनंती, सायकलवर चाक फिरवत येणाऱ्याकडे कात्री देऊ नका. सुरीची सवय असल्याने तो दोन्ही बाजूंनी घासतो. कात्रीचं पातं एकाच बाजूने उतरतं असतं आणि दुसरी बाजू सपाटच राहायला हवी, नाहीतर आपण जपत आलेली ती घासणीच गेली. शिवाय चाकावर पातं तापून निळसर पडलं तर पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. घरीच करा. नट सोडवून पातं वेगळं काढा. उतरत्या बाजूवर मार्करने रंग लावा आणि बारीक डायमंड कानस मूळच्या कोनात, बुडाकडून टोकाकडे, एकाच दिशेने फिरवा. रंग सगळीकडून सारखा गेला तर कोन बरोबर. फक्त कडेचा किंवा फक्त मागचा गेला तर हात सुधारा. शेवटी सपाट बाजूवर कानस पूर्ण आडवी टेकवून एक हलका हात मारा, कडेला आलेली बर, म्हणजे धातूची बारीक कोर, निघून जाते. आकडीला धार लावायचीच नसते.

ऑनलाइनच मागवणार असाल तर सांध्याचा जवळून काढलेला फोटो दिसल्याशिवाय पैसे भरू नका, आणि सुटी पाती व स्प्रिंग त्याच ठिकाणी विकायला आहेत का ते शोधून बघा. खोकं आलं की त्याच दिवशी ट्यूबलाइट, कागद, जास्वंद, तिन्ही करा. साल लोंबली तर परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.