पाळी जायच्या आधीची चिडचिड आणि धडधड, काय करायचं
चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होतेय, उगाच धडधड, रडू, चिडचिड, तर बायांनो हे मनाचे खेळ नाहीत, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन वरखाली होतं म्हणून मूडही हलतो. पाळीच्या तारखा, झोप, मूड मोबाईलमध्ये लिहीत जा आणि ते दाखवायला गायनॅककडे जा, थायरॉईड अन् हिमोग्लोबिन पण तपासून घ्या कारण त्यांच्यामुळेही असंच होऊ शकतं. दुपारनंतर चहा नको, जड जातं पण झोपेला फरक पडतो. संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला नाहीतर उपवनला अर्धा तास भरभर चाला, मैत्रीण सोबत असेल तर उत्तमच. लोकलमध्ये घाबरं झालं तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. हार्मोन्सच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच. आणि जीव नकोसा वाटला तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं.