प्रवेशाचा एसएमएस पाठवताना या चुका टाळा

मागे एका प्रवेश फेरीत नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील एक मुलगी वडिलांसोबत महाविद्यालयातील आमच्या प्रवेशाच्या खिडकीशी आली, तेव्हा तिची मुदत संपून एक दिवस झाला होता. संगणकावर तिच्या नावापुढे ‘संदेश पोहोचला’ अशी नोंद होती आणि ती खोटीही नव्हती. फक्त तो संदेश तिचा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलवर पोहोचला होता. पुढच्या फेरीत तिला जागा मिळाली, पण तिने मागितलेल्या शाखेत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अर्जावरचा क्रमांक विद्यार्थ्याचाच असेल असे गृहीत धरणे, ही मी पाहिलेली सर्वांत महागडी चूक आहे. अर्जांच्या यादीतील मोबाइल क्रमांकांचा रकाना क्रमाने लावून पाहावा. एकच क्रमांक आठ-दहा अर्जांवर दिसला, तर तो बहुधा सायबर कॅफेचा किंवा सेतू केंद्राचा असतो. कागदपत्रे तपासतानाच, विद्यार्थी समोर उभा असताना, त्या क्रमांकावर फोन लावावा, तो कोणाकडे असतो हे विचारून लिहून ठेवावे आणि शेजाऱ्याचा किंवा वसतिगृहाचा दुसरा क्रमांक घ्यावा. या कामाला एका अर्जामागे दोन मिनिटे लागतात आणि ती द्यायलाच हवीत.

दुसरी चूक दिसायला किरकोळ आहे: संदेशात ‘आज’ किंवा ‘उद्या’ लिहिणे. सातपुड्यातील अनेक पाड्यांवर टेकडीवर चढल्याशिवाय किंवा बाजाराच्या गावी आल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही. तोपर्यंत संदेश मोबाइल कंपनीकडे थांबून राहतो, आणि फार वेळ गेला तर रद्दही होतो. ‘उद्या शेवटचा दिवस’ हे वाक्य दोन दिवसांनी वाचणारा बाप तिसऱ्या दिवशी निघतो. त्यामुळे तारीख, वार आणि वेळ स्पष्ट लिहावी व मुदतीच्या किमान तीन दिवस आधी संदेश पाठवावा.

लिपीचा प्रश्न जरा सविस्तर पाहायला हवा. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीत केवळ ७०. संदेश लांबला की प्रत्येक भागात ६७ उरतात आणि पैसे भागांच्या संख्येप्रमाणे लागतात. शिवाय काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणून ‘विद्यार्थ्यांनी’ हा एकच शब्द १५ जागा घेतो आणि ‘मुलांनी’ सातच. हा खर्च वाचवण्यासाठी अनेक महाविद्यालये मराठी मजकूर रोमन लिपीत पाठवतात. मग ‘मूळ’ आणि ‘मूल’ एकसारखेच दिसू लागतात, आणि पालक मूळ दाखला घरी ठेवून नुसते मुलाला घेऊन येतात. माझ्या मते इथे काटकसर करू नये. ‘प्रवेश २० जून, शुक्रवार, स. ११, खोली ४. मूळ टीसी, गुणपत्रक, आधार आणा.’ एवढा मजकूर, त्याआधी महाविद्यालयाचे नाव आणि शेवटी चौकशीचा क्रमांक, हे सारे दोन भागांत बसते. नाव मात्र सुरुवातीलाच हवे, कारण पाठवणाऱ्याच्या जागी क्रमांकाऐवजी दिसणाऱ्या सांकेतिक नावावरून, म्हणजे हेडरवरून, पालकांना काहीच उमगत नाही.

संदेश मुळीच जात नसतील, तर आधी नोंदणी तपासावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्था, तिचा हेडर आणि मजकुराचा साचा हे तिन्ही डीएलटी प्रणालीत, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवावे लागतात. मंजूर साच्यात बदलत्या मजकुरासाठी राखलेल्या जागांव्यतिरिक्त एखादा शब्द जरी बदलला, तरी संदेश वाटेतच अडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेली लिंक असलेले संदेशही अडवले जातात. म्हणून गुणवत्ता यादी, कागदपत्रे, शुल्क आणि मुदतवाढ असे चार साचे मे महिन्यातच मंजूर करून घ्यावेत. यादी लागण्याच्या रात्री ही धावपळ निभत नाही. शुल्काच्या संदेशात लिंक नसलेलीच बरी. फसवणुकीच्या भीतीने पालक ती उघडत नाहीत, आणि त्यांचे ते वागणे योग्यच आहे.

बाहेरून विकत घेतलेल्या क्रमांकांवर ‘प्रवेश सुरू’ असे जाहिरातीचे संदेश पाठवू नयेत. डीएनडी घेतलेल्यांपर्यंत, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्यांपर्यंत, ते जात नाहीत आणि बाकीच्यांचा महाविद्यालयाच्या नावावरचा विश्वास उडतो.

हेडरवरून आलेल्या एसएमएसला उत्तर देता येत नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. ‘हो, येतो’ असे लिहून ते निर्धास्त होतात आणि इकडे आपल्याला काहीच कळत नाही. म्हणून संदेशातील चौकशीचा फोन कार्यालयाच्या वेळेत खरोखर उचलला गेला पाहिजे, आणि तोही शक्यतो अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या व्यक्तीने. ‘नाव लागनं का?’ असे विचारणाऱ्या माणसाला त्याच्याच बोलीत उत्तर मिळाले, तर तो पुढचे तीन प्रश्नही मोकळेपणाने विचारतो. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत ज्यांच्याकडून काहीच कळलेले नाही, त्यांची यादी काढावी आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला, पहिला क्रमांक लागला नाही तर दुसऱ्या क्रमांकावर, फोन करावा.